पाटाकाठची ब्राह्मी आणि खाऱ्या हवेतली कातडी

रेवस-बोडणीकडच्या घरांत कातडीची तक्रार ऋतू पाहून येते. लावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, थंडी पडली की टाचा फुटतात, आणि म्हावऱ्याच्या बर्फामिठात हात घालणाऱ्यांची बोटे तर बारा महिने पांढरी पडून सोललेली असतात. प्रत्येक घराचा उपायही ठरलेला असतो. कुठे कोकमतेल, कुठे हळद, कुठे राळेचे मलम. अलीकडे त्यांत एका वनस्पतीची भर पडली आहे. खरे तर ती जुनीच, वाडीतल्या पाटाकाठी पसरणारी ब्राह्मी. पण भाऊच्या धक्क्यावरून लाँचने घरी येणाऱ्या लेकी-सुनांच्या पर्समध्ये 'सिका' नावाच्या कोरियन क्रीमची ट्यूब दिसू लागली, तिच्यावरचे पानाचे चित्र कोणीतरी ओळखले, आणि मग पाटाकाठच्या पानाकडे सगळ्यांचे नव्याने लक्ष गेले.

ट्यूबमधली वनस्पती आणि पाटावरची वनस्पती एकच, हे खरे आहे. म्हणून ती पाने ठेचून कुठेही थापावीत असे मात्र नाही. हे पान ठरावीक कामाचे आहे. ते काम कोणते हे कळले तर पैसे वाचतात आणि दुखणेही वाढत नाही.

आधी ओळख पटवा

रोपवाटिकेत 'ब्राह्मी' मागितली तर दोन वेगळ्या वनस्पतींपैकी कोणतीही हातात पडू शकते. एक मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. मराठीत तिला कारिवणाही म्हणतात. ती कोथिंबिरीच्या कुळातली. दुसरी नीरब्राह्मी, म्हणजे बाकोपा मोनिएरी. हिचा कोथिंबिरीशी काही संबंध नाही. स्मरणशक्तीच्या गोळ्यांमध्ये बहुधा ही दुसरी असते. कातडीसाठी आपल्याला हवी ती पहिली.

खाडीकाठी राहणाऱ्यांना हा फरक जागेवरूनही ओळखता येतो. नीरब्राह्मी मचूळ पाणी सोसते, त्यामुळे खाजणाच्या कडेला, उघाडीजवळच्या चिखलातही ती तग धरते. मंडूकपर्णीला गोडे पाणी लागते. खारेपाटाच्या बांधावर तिला शोधत फिरू नका. नारळी-पोफळीच्या सावलीत, विहिरीच्या पाटाला, आगरातल्या ओलसर कोपऱ्यात पाहा.

मंडूकपर्णीचे पान घोड्याच्या टापेसारखे असते: एका बाजूला खोल खाच, बाकी गोलसर, कडेला बोथट दाते. लांब देठ त्या खाचेतच जोडलेला असतो आणि शिरा तिथूनच पंख्यासारख्या पसरतात. खोड जमिनीवरून सरपटते आणि प्रत्येक पेऱ्याला मुळे फुटतात. फुले बारीक, फिकट गुलाबी, देठांच्या बुडाशी इतकी लपलेली की मुद्दाम पाने बाजूला सारल्याशिवाय दिसत नाहीत. नीरब्राह्मीची पाने छोटी, जाडसर, जवळजवळ बिनदेठाची, खोडावर समोरासमोर जोडीने येतात. फूल पांढरे किंवा फिकट जांभळे. शेतात उंदीरकानी नावाचा एक वेल याच आकाराची पाने घेऊन जमिनीवर पसरतो. त्याला पिवळे फूल येते, तेव्हा शंका असेल तर फूल येईपर्यंत थांबा. आणखी एक फसवे रोप म्हणजे शोभेच्या कुंडीत आणि माशांच्या टाकीत लावतात ते चकचकीत गोल पानाचे. त्याचा देठ पानाच्या मधोमध चिकटलेला असतो, छत्रीच्या दांड्यासारखा. ते आपले नव्हे.

पान नक्की काय करते

चरकसंहितेत मंडूकपर्णीचा स्वरस मेध्य रसायनांमध्ये सांगितला आहे, म्हणजे बुद्धीसाठी. कातडीच्या विकारांवरचा वापरही आपल्याकडे आणि हिंदी महासागराच्या काठावर जुनाच. आधुनिक प्रयोगशाळेत ही वनस्पती गेली ती मादागास्करमधून. १९४१ साली तिच्यातला एशियाटिकोसाइड हा घटक वेगळा काढण्यात आला, आणि त्या दशकात कुष्ठरोगाच्या जखमांवर त्याचे प्रयोग झाले. पुढे फ्रान्समध्ये त्याची जखमेवरची मलमे निघाली, मग कोरियात ती घरोघरी पोचली, आणि आजची 'सिका' क्रीमे हा त्याच घराण्याचा सौंदर्यप्रसाधनांतला फाटा आहे.

एशियाटिकोसाइड, मेडेकॅसोसाइड आणि त्यांची आम्ले हे या पानातले मुख्य घटक. कातडीच्या आतल्या थरातल्या पेशींना कोलॅजेन तयार करायला ते चालना देतात आणि सूज, लाली थोडी कमी करतात. म्हणजे जखम बंद झाल्यावर, नवी कातडी येत असताना त्यांचा उपयोग. बुरशी किंवा जंतू मारण्याच्या कामी मात्र या पानावर भरवसा ठेवता येत नाही. पुढचे सगळे सल्ले या एका गोष्टीवर उभे आहेत, म्हणून ती लक्षात ठेवा.

ट्यूबमध्ये हे घटक अर्क काढून घातलेले असतात. पानात ते जमीन, सावली, ऋतू यांप्रमाणे कमी-जास्त होतात. त्यामुळे ट्यूबवर लिहिलेले गुण घरच्या पानातून तंतोतंत मिळतील अशी अपेक्षा नको. चेहऱ्यासाठी घ्यायचीच असेल तर छोटी ट्यूब घ्या आणि घटकांच्या यादीत सेंटेलाचे नाव कुठे आहे ते वाचा. यादी साधारणपणे जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. शेपटाला नाव असेल तर पैसे सुगंधाचे देत आहात. टाचांसाठी असली ट्यूब घेणे माझ्या मते उधळपट्टी आहे.

रस काढण्याची रीत

पान जमिनीलगत वाढते, त्यामुळे माती, उंदराचे मूत, जंतांची अंडी असे काहीही त्याला लागलेले असू शकते. शिवाय ही वनस्पती मातीपाण्यातले शिसे, कॅडमियम असे जड धातू शोषून घेते. म्हणून गटाराच्या, न्हाणीच्या, रस्त्याच्या कडेचे आणि कारखान्याच्या सांडपाण्याजवळचे पान घेऊ नये. वाडीतले किंवा कुंडीतले घ्यावे.

देठासकट मूठ-दोन मूठ पाने खुडा. वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, मग उकळून गार केलेल्या पाण्यात एकदा बुडवून काढा आणि स्वच्छ फडक्यावर निथळू द्या. खलात किंवा मिक्सरमध्ये चमचाभर उकळलेल्या पाण्यासोबत वाटून सुती कापडातून पिळा. हा रस त्याच दिवशी वापरायचा. फ्रिजमध्ये बाटली भरून आठवडाभर पुरवू नका. त्यात टिकवणारे काही नसते, त्यामुळे जंतू वाढतात.

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून दोन दिवस वाट पाहा. काहींना या पानाची ॲलर्जी असते. लाली, खाज, बारीक पुरळ आले तर ही वनस्पती तुमच्यासाठी नाही, मग ती पाटावरची असो की ट्यूबमधली.

टाचा, हात, चेहरा

टाचांच्या भेगांचे मूळ कारण कोरडेपणा आणि जाड झालेली कातडी. त्यावर आधी स्निग्ध पदार्थच हवा. या बाबतीत रायगड-रत्नागिरीच्या जुन्या बायका बरोबर होत्या. कोकमाच्या बियांतला गर कुटून, पाण्यात उकळून, वर आलेले तेल काढून मुठीने दाबलेले जे गोळे मिळतात, त्यांच्याइतके टाचांना चिकटून राहणारे दुसरे काही स्वस्तात मिळत नाही. कोकमतेल साधारण ४० अंशांच्या आसपास वितळते. म्हणून ते लावले की खोबरेलासारखे पसरून जात नाही, भेगेत बसते.

रात्री पाय कोमट पाण्यात पंधरा मिनिटे ठेवा. मऊ झालेली मेलेली कातडी वजरीने हलक्या हाताने काढा, ब्लेड नको. पाय टिपून कोरडे करा. भेगा रक्ताळलेल्या नसतील तर मंडूकपर्णीचा रस लावून दहा-पंधरा मिनिटे सुकू द्या. मग पळीत थोडे कोकमतेल वितळवून, बोटाला सोसेल इतके कोमट झाल्यावर भेगांत भरा आणि जुने सुती मोजे घालून झोपा. आठवड्यात फरक दिसू लागतो, पण त्यात मोठा वाटा तेलाचा आहे, पानाचा दुसरा.

भेगांतून रक्त येत असेल तर कच्चा रस लावायचा नाही. नुसते स्वच्छ धुऊन कोकमतेल किंवा व्हॅसलिन लावा आणि भेग मिटल्यावर रसाकडे वळा. बिब्बा तर कधीच नको. त्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात आणि डाग वर्षानुवर्षे राहतात. जुने उपाय सगळे सारखे शहाणे नव्हते.

कोलंबी सोलणाऱ्या, बर्फातली मासळी निवडणाऱ्या हातांचे गणित वेगळे आहे. तिथे कातडी सतत भिजून तिच्यावरचा तेलाचा थर निघून जातो, मग मीठ झोंबते. पानाचा रस लावून पुन्हा बर्फात हात घातला तर काय उपयोग? कामाआधी खोबरेल किंवा व्हॅसलिनचा पातळ थर, शक्य असेल तेव्हा आत सुती आणि वर रबरी हातमोजा, काम झाल्यावर गोड्या पाण्याने हात धुणे आणि लगेच तेल, एवढे आधी करा. साबण कमी. हा क्रम सांभाळला तर रात्री रस लावण्याला अर्थ आहे. सोललेल्या, पण न फुटलेल्या कातडीची लाली त्याने उतरते.

चेहऱ्यावर मुरूम फुटून गेल्यावर जो लालसर डाग राहतो, त्यावर कापसाने रस लावावा, वीस मिनिटांनी धुवावा. आठवड्यातून तीन-चारदा पुरे. त्यात लिंबू, सोडा, टूथपेस्ट असले काही मिसळू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलेल्या कातडीवर काळे चट्टे उमटतात. वांगावर मात्र हे पान चालत नाही. होडीवर किंवा बाजारात दिवसभर ऊन आणि पाण्यावरची तिरीप खाणाऱ्या चेहऱ्याला टोपी, पदर आणि सनस्क्रीन हाच आधार. वांग उतरवायचा तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे लागते.

तेल करायचे तर नीट करा

पाने खोबरेलात टाकून बाटली उन्हात ठेवायची, ही हल्ली मोबाइलवर फिरणारी रीत वाईट आहे. ओल्या पानातले पाणी तेलात राहते आणि तेल खवट होते, बुरशी येते. आयुर्वेदातले प्रमाण साधे आहे: कल्क एक भाग, तेल चार भाग, द्रव सोळा भाग. घरगुती मापात १०० ग्रॅम खोबरेल, २५ ग्रॅम वाटलेली पाने आणि ४०० मिलिलिटर रस. इतका रस निघायला पाने बरीच लागतात; कमी पडला तर उरलेली पाने पाण्यात उकळून, आटवून तो काढा त्यात मिळवा.

जाड बुडाच्या भांड्यात, मंद आचेवर, ढवळत राहून पाणी पूर्ण उडवायचे. घाईने आच मोठी केली की पाने करपतात. तेल झाले हे ओळखायची जुनी परीक्षा आजही उत्तम: तळाचा कल्क थोडा घेऊन बोटांत वळला तर त्याची वात होते, आणि ती वात विस्तवावर धरली तर तडतडत नाही. तडतडली म्हणजे आत पाणी आहे. गाळून, पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत भरा.

आता एक गोष्ट तेल विकणारे सांगत नाहीत. एशियाटिकोसाइड आणि मेडेकॅसोसाइड तेलात सहजी उतरत नाहीत. त्यामुळे हे तेल केसांच्या मुळांना, अंगाला चोळायला छान, पण डागावर किंवा नव्या कातडीवर काम हवे असेल तर ताजा रस त्याहून बरा.

इथे पान बाजूला ठेवा

शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर पाला बांधू नका. या माशांचे विष उष्णतेने निकामी होते. जखम धुऊन हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम, पण ४५ अंशांच्या आतल्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने पाहा, कारण बधिर झालेला भाग भाजला तरी कळत नाही. मग दवाखान्यात जाऊन काटा आत तुटला आहे का ते तपासून घ्या आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. पाकटाची नांगी पोटात किंवा छातीत लागली असेल तर ती उपटू नका, तशीच धरून थेट रुग्णालय गाठा. खाडीच्या पाण्यातले काही जंतू छोट्या जखमेतूनही झपाट्याने पसरतात. काही तासांत सूज वर चढू लागली, काळसर फोड आले, ताप भरला तर अलिबागचे जिल्हा रुग्णालय वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. सकाळची वाट पाहू नका.

चिखल्यांमध्ये बहुतेक वेळा बुरशी असते. ओलसर पाल्याचा लेप तिला आवडतोच. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे आणि बुरशीवरचे साधे मलम हा उपाय. फुटलेल्या पायांनी खाचरात उतरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत जोराचा ताप आणि पोटऱ्यांत दुखणे सुरू झाले तर डॉक्टरांना शेतातल्या कामाचे आवर्जून सांगा. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस याच वाटेने येतो.

गजकर्णाचेही तसेच. मासळीच्या धंद्यात ओल्या कपड्यांत दिवस काढावा लागतो, म्हणून जांघेत, कमरेला चकत्या उठतात. दुकानातून न विचारता आणलेल्या, चार औषधे एकत्र असलेल्या मलमात बऱ्याचदा स्टिरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते आणि गजकर्ण पसरत जातो. त्यावर ब्राह्मीचा थर चढवून काही साधत नाही. ते मलम बंद करून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा.

फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर टोचले तरी कळत नाही, घाम येत नाही, असे असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगाचा बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतो आणि त्याने रोग पूर्ण बरा होतो. मादागास्करमधले प्रयोग इतिहासजमा झाले. आज या रोगावर पान वापरणे म्हणजे हातापायांतली नस गमावण्याची तयारी.

मधुमेही माणसाने पायाच्या कोणत्याही भेगेवर, फोडावर घरचा पाला लावू नये. हा नियम सरसकट आहे.

पोटात घेण्याबद्दल

गोव्याकडे, कर्नाटकाच्या किनाऱ्यावर आणि श्रीलंकेत ही पाने खाण्यात असतात. ओले खोबरे, मिरची, कोकम घालून मूठभर पानांची चटणी अधूनमधून खायला हरकत नाही, पाने कुंडीतली असतील तर. रोज वाटीभर रस किंवा वजन कमी करण्याच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट. अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. गरोदर बायका, यकृताचे रुग्ण आणि झोपेची औषधे घेणारे यांनी वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात घेऊ नये.

कुंडीतली लागवड

बी पेरण्याच्या भानगडीत पडू नका. मुळे फुटलेला एक पेरा दोन पानांसकट मिळाला की पुरे. खोल कुंडीपेक्षा पसरट, उथळ परात किंवा जुना टब बरा, बुडाला भोके पाडून. वाडीची माती आणि कुजलेले शेणखत समसमान घ्या. जागा अर्ध्या सावलीची हवी. कडक उन्हात पाने खुरटतात. खाडीलगतच्या बऱ्याच विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. ते या रोपाला घालू नका, नळाचे किंवा साठवलेले पावसाचे घाला. माती सुकू द्यायची नाही, आणि रासायनिक कीटकनाशक तर नाहीच, कारण पान कातडीवर जाणार आहे. खुडताना आडवे खोड ठेवून वरची पाने कापा, म्हणजे पुन्हा फुटतात.

पाऊस हा लागवडीचा सर्वांत सोपा काळ. जुलैत लावलेला पेरा दिवाळीपर्यंत परात भरून कडेबाहेर लोंबू लागतो. तेव्हा शेजारणीला एक तुकडा जरूर द्या. सोबत देठ खाचेत असल्याची खूण दाखवा आणि शिंगाळ्याचा काटा लागला तर आधी गरम पाणी, हेही सांगून ठेवा.